मैनेचं पहिलं बाळंतपण

रोह्याच्या एसटीतून व्याहीण बायजाबाई उतरल्या त्या झाकलेली टोपली घेऊन थेट दाजींच्या ओटीवर आल्या आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "दाजी, तुमची लेक आनलीय. दिवस भरत आलेत. पयलं बाळंतपन माहेरी, म्हनून सोडाया आले."

दाजी ताडकन उठले. त्यांना एकच लेक, रोहिणी. ती रोह्याला दिलेली आणि टोपलीत मावण्यासारखी अजिबात नव्हती. त्यांनी भीतभीत फडकं उचललं तर आत मैना.

मैना म्हणजे गिनीपिग. पावसाळ्यात दाजींनीच ती पेणच्या बाजारातून नातवाला, अमोलला, ससा म्हणून घेऊन दिली होती. महिनाभर वाट बघूनही कान वाढेनात, तेव्हा अमोलच्या मास्तरांनी तिचं खरं नाव सांगितलं. पुढे जावयाने कंपनीतल्या एका दोस्ताकडून तिला राजा नावाचा जोडीदार आणला. आणि आता दिवाळी झाल्यावर हे.

"अहो व्याहीणबाय, ही काय माणूस आहे? कोपऱ्यात कुठंपण विईल की."

"तुमच्या घरची हाय ना? मग रीत नको? का याही बाळंतपनाला तुमच्याकडं कुनाचा पाय मोडलाय?"

हे वर्मावर बसलं. सहा वर्षांपूर्वी रोहिणीच्या पहिल्या खेपेला दाजींची बायको पुतळी विहिरीवरच्या शेवाळावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि बाळंतपण रोह्याला सासूनेच काढलं. तेव्हापासून एक साखरपुडा, एक बारसं असं गेलं नाही, की बायजाबाईंनी चारचौघांत ते ऐकवलं नाही. दाजी हसून मान खाली घालत. टोमण्याचं त्यांना एवढं नव्हतं हो. पण लेक माहेरी येऊन सव्वा महिना निवांत पडली नाही, तिच्या बाळाला या घरात एकदाही अंघोळ घातली नाही, हे अजून त्यांच्या जिवाला लागून होतं.

"ठेवा टोपली," दाजी म्हणाले. "आता बघाच पेणचं बाळंतपण कसं असतं ते!"

दाजी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती खोक्यात बांधायचं काम करायचे. त्यांच्या हातून गेलेल्या मूर्तीचं बोटसुद्धा कधी दुखावलं नव्हतं. त्यांनी कारखान्यातून भलं मोठं खोकं आणलं, पेंढा अंथरला आणि मैनेला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी म्हशीचं इंजेक्शन बाजूला ठेवून मैनेला नीट तपासलं.

"हिरवं गवत भरपूर द्या. कोथिंबीर, आवळ्याची फोड रोज. पाणी सतत समोर हवं. सारखं हाताळू नका. आणि मुख्य म्हणजे नराला लांब ठेवा. ही जात अशी, की सकाळी व्याली तर संध्याकाळपर्यंत परत गाभण राहते."

दाजींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गवत, कोथिंबीर, आवळा हे सगळं त्यांनी घरी सांगितलं. शेवटचं तेवढं गिळलं. नाहीतरी राजा रोह्याला होता.

आठव्या दिवशी सकाळी पुतळीची हाक आली. "अवो, हितं या बघू! पोरं झाली, पन डोळे उघडे, अंगभर केस, दात आलेले, आनी धावतायत चक्क! ही आजची नायत. कुनी रातच्याला आनून टाकली!"

"अगो, ह्यांची तशीच असतात," दाजी ऐटीत म्हणाले, जणू त्यांनी जन्मभर हेच काम केलं होतं. तीन पिल्लं होती. दाजींनी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून रोह्याला फोन लावला, 'बाळ-बाळंतीण खुशाल' म्हणून सांगितलं आणि तिथल्या सगळ्यांना पेढे वाटले. चूक झाली ती फोनमध्येच. दुपारी दोनला बायजाबाई दारात हजर, काखेत टोपली आणि टोपलीत राजा.

"बापानं पोरांचं तोंड नको बघाया?"

"नको," दाजी म्हणाले.

"का नको?"

"डॉक्टर म्हणाले..."

"काय म्हनाले?"

समोर व्याहीण, बाजूला बायको. दाजींनी एकदा आढ्याकडे पाहिलं. "खोकं लहान आहे म्हणाले."

"ऐका! येवढासा जीव तो, किती जागा खानार?"

पुतळी तर नवऱ्यावरच उखडली. "जावई पयल्यांदा दारात आलाय आनी तुमी खोक्याची लांबी-रुंदी काय सांगताय? लाज नाय वाटत?" तिने राजाच्या कपाळाला कुंकू टेकवलं, काकडीच्या चकत्या चिरल्या आणि जावयाला मानाने खोक्यात सोडलं. राजाने काकडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाचच्या गाडीने तो परत गेला, तोवर दाजी खोक्याकडे पाठ करून बसले होते.

पुढचा सव्वा महिना दाजींनी कशात काही कमी केलं नाही. रोज सकाळी दव सुकल्यावर बांधावरचं कोवळं गवत यायचं. ओला पेंढा रोज बदलला जायचा. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून पिल्लांमधल्या नराला वेगळं खोकंही मिळालं. पुतळीने हौसेने अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू केले. मैनेने ते हुंगूनही पाहिले नाहीत, तेव्हा टाकायचे कशाला म्हणून दाजीच ते खात गेले आणि महिन्याभरात त्यांनीच चांगलं बाळसं धरलं.

मैना मात्र त्यांच्यापेक्षा गोल दिसायला लागली. दाजी धावतपळत दवाखान्यात गेले.

"परत गाभण आहे," डॉक्टर म्हणाले. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही सांगितलंत हो. ते व्याहीणबायना कसं सांगायचं, तेवढं नाय सांगितलंत!"

घरी येईपर्यंत दाजींच्या डोक्यात एकच घोळत होतं. माहेरी पाठवलेली लेक माहेरीच पोट घेऊन बसली! बायजाबाईंना आता जन्माला पुरेल एवढं मिळालं. पण ओटीची पायरी चढता चढता त्यांना एक गोष्ट आठवली आणि ते स्वतःशीच हसले. सव्वा महिना पुरा होणाऱ्या रविवारची ते वाटच बघत बसले.

रविवारी बायजाबाई मैनेला न्यायला आल्या. हातात राजाची टोपली होतीच, शिवाय बरोबर रोहिणीही होती. बायजाबाईंनी मैनेला मांडीवर घेतलं, तिच्या तुकतुकीत पाठीवरून हात फिरवला, पिल्लं निरखली.

"दाजी, मी तुमाला इतकी वर्सं बोलत आले, पन..."

"थांबा!" दाजींनी हात वर केला. आज ते ऐकून घेणार नव्हते. "आधी माझं ऐका. मैनेला परत दिवस गेलेत. आणि पयलं माहेरी, तर दुसरं सासरी. घेऊन जा. रीत म्हणजे रीत, तुम्हीच शिकवलीत मला!"

सहा वर्षांचं उट्टं निघालं. दाजींना एकदम हलकं वाटलं.

बायजाबाईंनी रोहिणीकडे बघितलं. रोहिणी पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत होती.

"बरं," बायजाबाई म्हणाल्या. "मग हिचं बी रोह्यालाच."

"कुणाचं?"

"रोहिनीचं. तिसरा म्हैना लागलाय. मैनेचं तुमी कसं केलंत ते बघून मीच हिला म्हनले, या खेपेला पेनलाच जा गो, माझ्याच्यानं इतकं व्हनार नाय. तेच सांगाया आले व्हते. पन तुमी म्हनताय तर रीत ती रीत."

दाजी उठले. त्यांनी बायजाबाईंच्या मांडीवरून मैनेला अलगद उचललं आणि परत खोक्यात नेऊन ठेवलं. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रीत गेली चुलीत," ते म्हणाले. "दोघी इथंच राहतील."

"बाबा..." एवढंच म्हणून रोहिणी हसली आणि डोळे पुसायला लागली.

"मग राजालाबी ठेवून जाते," बायजाबाई टोपलीच्या फडक्याला हात घालत म्हणाल्या. "येकटा पडलाय बिचारा."

"नको!"

"आता का? खोकं लहान?"

"खोकं मोठं आहे," दाजी म्हणाले आणि लालबुंद कानांनी, डोळे मिटून, डॉक्टर काय म्हणाले होते ते एका दमात सगळं सांगून टाकलं.

बायजाबाईंनी राजाकडे एकदा बघितलं आणि फडक्याला आणखी एक गाठ मारली.