ताजी नोंद

रुग्णालयाच्या खिडकीवरच्या बाईंनी आत्याला अदबीने सांगितलं, की तुम्ही शनिवारीच वारला आहात, त्यामुळे या गुरुवारचा शस्त्रक्रियेचा नंबर रद्द झालाय. तक्रार असेल तर सगळ्यात जवळच्या नातेवाइकाने अर्ज करायचा.

“माझ्याहून जवळचं मला कुणी नाही,” आत्या म्हणाली.

आत्या निवृत्त विज्ञानशिक्षिका. काचबिंदूने तिचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती. पण भाची याच रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळायची, म्हणून घरचे निश्चिंत होते.

रुग्णालयाच्या इमारती दोन, नदीच्या दोन काठांना. दोन्हीकडे वेगळा डेटाबेस. एकीकडे केलेला बदल पंधरा मिनिटांत दुसरीकडे पोचायचा, आणि दोन नोंदींत तफावत निघाली तर जिची तारीख नंतरची, ती खरी. हा नियम भाचीचाच. डेटाबेसमध्ये थेट हात घालायला बंदी, हाही तिचाच. दोन्हींसाठी तिची पाठ थोपटली गेली होती.

तिने रीतसर नवी नोंद करून आत्याला जिवंत केलं. पंधरा मिनिटांनी आत्या पुन्हा वारली. दुपारपर्यंत हे चार वेळा झालं. बाहेर बाकावर बसलेली आत्या दर वेळी विचारायची, “आत्ता आहे का मी?”

शेवटी भाचीने पलीकडच्या इमारतीत फोन लावला. तिथल्या कारकुनाला सगळे लगेचराव म्हणत, कारण सांगितलेलं काम ते लगेच करायचे. विचार करण्यात वेळ घालवत नसत. शनिवारी एक रुग्ण गेला, तेव्हा आपण ‘मयत’ची खूण चुकून त्याच्या खालच्या ओळीवर केली, हे त्यांनी लगेच कबूल केलं. त्याच दिवशी कॉम्प्युटरची बॅटरी बदलली होती आणि घड्याळ त्यांनी स्वतः लावलं होतं. भाचीने तारीख विचारली. तारीख बरोबर होती. वर्ष पुढचं होतं.

“आधी ते वर्ष नीट करा,” ती म्हणाली, आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिला कळलं. तोवर लगेचरावांनी केलं होतं. आता दोन्ही इमारती चालू वर्षात होत्या, आणि आत्याचं मरण पुढच्या. त्याच्यानंतरची नोंद करणं कुणाच्याच हातात उरलं नव्हतं.

नवीन नाव नोंदवावं, तर कॉम्प्युटर म्हणे ही व्यक्ती मयत आहे. डॉक्टर भले होते, पण यादीत नाव नसेल तर शस्त्रक्रियेची खोली उघडत नव्हती. थेट दुरुस्तीची परवानगी मागायला ती अधीक्षकांकडे गेली. त्यांनी तिच्यासमोर तिचंच परिपत्रक ठेवलं. समितीची मंजुरी हवी. समिती सहा महिन्यांनी बसे, आणि गेल्याच आठवड्यात बसून उठली होती.

“नियम तुमचा आहे, बाई. आम्ही आपले पाळतो,” अधीक्षक म्हणाले.

एकच वाट उरली. तिने लगेचरावांना सांगितलं, की वर्ष पुन्हा पुढचं लावा, तारीख आजची राहू द्या आणि आत्याला जिवंत करा. आयुष्यात पहिल्यांदा लगेचराव थबकले.

“मुद्दाम चुकीचं लावू? लेखी द्याल?”

तिने लेखी दिलं. पंधरा मिनिटांनी आत्या जिवंत झाली आणि या वेळी जिवंत राहिली. प्रिंटरमधून नव्या नंबराचा कागदही आपोआप बाहेर आला. नोंदीच्या तारखेनंतरचा पहिला मोकळा गुरुवार द्यायचा, अशी सोय भाचीनेच करून ठेवली होती. तिने कागद दोनदा वाचला. मग बाहेर गेली.

“मिळाला नंबर?” आत्याने विचारलं.

“मिळाला.”

“कधीचा?”

“गुरुवारचा.”

आत्याने कागद घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला, थोडा तिरका धरून पाहिला आणि परत केला.

“मी वर्गात पूर्ण तारीख लिहून घ्यायचे. वर्ष वाच.”

भाचीने वर्ष वाचलं.

आत्याने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, “म्हणजे वर्षभर मला मरायचीसुद्धा सोय नाही.”

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. लगेचराव होते.

“बाई, घड्याळ पुन्हा बरोबर करून टाकलं,” ते म्हणाले. “लगेच.”