झाडाची साडी

आमच्या लिंबायतच्या गल्लीत उन्हाळा लागला, की सुकदेव आप्पा झाडाला साडी नेसवतात. चार बांबू रोवून, पदर मावळतीकडे सोडून, अगदी रीतसर. साड्या पलसाण्याच्या मिलमधल्या, छपाईत थोड्या बिघडलेल्या, पण कोऱ्या. ओट्यावर मजुरीने साड्यांचे धागे कापत बसलेल्या त्यांच्या पत्नी कमलकाकू तेव्हा स्वतःला साडी मिळत नाही म्हणून हमखास टोमणा मारतात, "मनाकरता साडी लेवानी ते यास्ना बजार बंद ऱ्हास."

झाड ॲव्होकॅडोचं. आप्पांनी लूमवरचं काम सोडलं, त्या दिवशी मालकाने फळांची पिशवी दिली, तिच्यात हे एक अनोळखी फळ होतं. काकूंनी मीठ लावून खाल्लं आणि विचारलं, "आखो भेटी का?" झालं. आप्पांनी बी काड्या खोचून पाण्याच्या ग्लासावर बसवली. मोड आल्यावर ओट्याजवळची फरशी उखडली आणि रोप लावलं. मी म्हटलं, बाजारातून दुसरं आणा की. तर म्हणाले, "इकत ते कोनबी आनस."

आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे आप्पांना बोलणं म्हणजे ओरडणंच ठाऊक. झाडाशीही तसंच बोलतात. त्याला कीड लागली की सगळ्या गल्लीला कळतं. नर्सरीवाला म्हणाला, बीच्या झाडाला फळ धरायला वर्षं लागतील, कलम करा. आप्पा त्याच्यावर ओरडले, "मशीन गरम व्हऊ दे!" कुठल्याही घाईवर त्यांचं हेच उत्तर. वर त्याच्याकडूनच आणखी एक बी मिळवून तिचं रोप त्यांनी माझ्या दारात लावलं. का, तर एकट्या झाडाला करमत नाही. मला विचारलं नव्हतं.

वर्षं गेली, आणि मग एकाच हिवाळ्यात दोन्ही झाडं मोहरली. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. पुढच्या काही दिवसांत आप्पांच्या झाडाचा बराचसा मोहर फळ न धरता गळून ओट्यावर पडला. आप्पा बोलायचेच थांबले. त्या शांततेची मला इतकी भीती वाटली, की मी मोबाइल काढून वाचायला बसलो.

"आप्पा, हे फूल दोनदा उमलतं. आधी बाई म्हणून, मग मिटतं, दुसऱ्या दिवशी पुरुष म्हणून. एकाच झाडावर दोघांची गाठच पडत नाही, एक कामावरून येतं तेव्हा दुसरं निघालेलं असतं. दिनपाळी-रातपाळी."

मी आपली थट्टा केली. आप्पा हसले नाहीत. काकूंकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "आमनं बी आसंच व्हतं. मी रातपाळी करी घर येऊ, तवय हाई कामले जाये. जवानी तशीच गयी."

 माझ्या झाडाची वेळ नेमकी उलटी आहे, त्याचे पराग चालतील, एवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोघं माझ्या दारात. उरलेल्या मोहरासाठी आप्पा फांदी वाकवून धरत आणि काकू धागे कापून तयार झालेल्या हाताने ब्रशवर पराग टिपत. मग ते फुलांना लावायला आपल्या झाडाकडे. तासभर काम, त्यात निम्मा वेळ भांडण.

तीन फळं टिकली. पहिलं तांदळाच्या डब्यात पिकवलं. एक फोड मीठ लावून मलाही मिळाली. खरं सांगतो, चव बेताचीच होती. काकू मात्र बोटं चाटत होत्या आणि आप्पा न खाता त्यांच्याकडे बघत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात झाडाला साडी आहे, पण विटकी, काकूंची जुनी. नवी कोरी काकूंच्या अंगावर आहे. छपाई कुठेही बिघडलेली नाही, मी नीट बघितली.