भंडाऱ्याचे भोवरे

समुद्राच्या प्रवाहातून मोठाले भोवरे किती वेळानं तुटून सुटे होतात, हे दाखवणारा व्हिडिओ शिवकन्याला दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. निवड झाली तर महिनाभर समुद्रसंस्थेत शिकायला मिळणार होतं. जळकोटात समुद्र नव्हता, पण विहिरीचा पाट होता. पाण्याला रंग हवा म्हणून तिनं हळद शोधली, तर डबा रिकामा. मग देव्हाऱ्यातली खंडोबाच्या भंडाऱ्याची पिशवीच उचलली. इथंच माशी शिंकली.

पाटाच्या वळणावर भंडारा टाकताच पहिले तीन पिवळे भोवरे शहाण्यासारखे चाळीस-चाळीस सेकंदांनी सुटले. तेवढ्यात दैवशालाकाकू हात धुवायला आल्या आणि पाणी बघून ओरडल्या, "अगं बया! पाटात भंडारा! देव आला गं!"

"काकू, प्रयोग हाय माझा!"

"देवाला प्रयोग म्हंतीस? गप हात जोड!"

काकूंनी नारळ सोडला. गलका ऐकून शेजारणींनी आणखी पाच सोडले. सगळे वळणावर अडकले आणि पाणी वेडंवाकडं धावू लागलं. आता एक भोवरा दहा सेकंदांत सुटायचा, दुसरा दोन मिनिटं घ्यायचा. पावणेबारा वाजले. शिवकन्याला रडूच कोसळलं.

मेंढ्या घेऊन आलेले तिचे वडील सिदू धनगर चपला काढून पाटाला पाया पडले. मग लेकीचे डोळे बघून चरकले.

"काय झालं गं?"

"आबा, भोवरा किती वेळानं फुटतो ते सांगायचंय. आता काय हिशोबच लागंना!"

"येडी का काय! कळप कवा फुटतो ते घड्याळात दिसतं व्हय? बाक बघायचा, वळणाचा फुगवटा. त्यो लई लांबला की फुटतो." ते पाण्याकडं बघत बसले. "ह्यो न्हाय... अजून न्हाय... आता!"

भोवरा सुटला. ओळीनं सात वेळा त्यांचं "आता" बरोबर आलं. शिवकन्यानं डोळे पुसून तेच चित्रित केलं आणि बाराला दोन मिनिटं असताना पाठवलं.

आठवड्यानं संस्थेतल्या बाईंचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर लावला. "निवड झाली तुमची! समुद्रातही असंच असतं. कधी भोवरा काही महिन्यांत सुटतो, कधी वर्ष उलटतं. वडिलांनाही आणा, आमच्या माणसांना नजर शिकवतील."

शिवकन्या आनंदानं उड्या मारायला लागली. सिदूंनीच फोन घेतला.

"येतो की बाई. पर फुटलेला भोवरा वळवून आणायचा का?"

"छे, नुसता बघायचा."

"आन् त्येचा पगार देता?"