चाळीस बाटल्यांचा नमुना

रविवारी सकाळी सहा वाजता सृष्टीने थर्माकोलचा खोका उघडला आणि कपाळावर हात मारला. आत बर्फाचा एक खडा नव्हता. शालूबाईंनी लेकीचं सामान ओलं होऊ नये म्हणून रात्रीच सगळा बर्फ काढून मोरीत ओतला होता, आणि खोका फडक्याने पुसून कोरडाठाक करून ठेवला होता. वर "बघ, कसा लख्ख केलाय!" हेही ऐकवलं.

पुण्यात सृष्टी ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये एम.एस्सी. करत होती. प्रयोगशाळेतला शोध गावातल्या आजाऱ्यापर्यंत पोचवायचा, एवढाच त्या भारदस्त नावाचा अर्थ, पण तिच्या गावी, तिकोणा पेठेत, "म्हंजी डाक्टर न्हाईच व्हनार?" असं विचारून लोक तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत. लघवीतलं एक प्रथिन मोजलं, की मूत्रपिंडाचा बिघाड फार आधी कळतो, हे तिला चाळीस गावकऱ्यांच्या नमुन्यांवर तपासायचं होतं. कॉलेजच्या एथिक्स कमिटीने परवानगीला आठ महिने लावले. आधी म्हणाले, संमतीपत्र मराठीत करा. केलं, तर म्हणाले, आता हे आम्हाला इंग्रजीत समजावून द्या. त्या विद्वानांच्या कृपेने प्रबंध द्यायला पंधराच दिवस उरले होते. नाही दिला तर अख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं.

शनिवारी तिने घरोघर सह्या घेऊन, नाव चिकटवलेल्या चाळीस बाटल्या वाटल्या होत्या. त्या आता दूध संकलन केंद्रावर यायच्या होत्या. ते केंद्र तिचे वडील महिपती वीस वर्षं चालवत होते.

"आण्णा, मी कामशेतहून बर्फ घेऊन येते. तोवर बाटल्या नीट जमा करा. सांडू नका, मिसळू नका."

"अगं, रोज साठ घरचं दूध घेतुय मी. तू मला नमुना शिकवती व्हय? जा बिनघोर."

ती बिनघोर गेली, हीच तिची चूक. दोन तासांनी परत आली, तर चाळीस बाटल्या ओळीने भरून उभ्या. नावं बरोबर, झाकणं घट्ट. तिला इतकं भरून आलं, की ती वडिलांच्या पाया पडली.

आठवड्याने प्रयोगशाळेत निकाल आले. गाईड राजेश्वरी मॅडमनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. चाळीसच्या चाळीस आकडे सारखे. आणि चाळीसही बिघाड दाखवणारे.

"सृष्टी, खोटा डेटा करायचा तर निदान थोडी अक्कल वापरायचीस. आकडे जरा वर-खाली करायचे!"

"मॅडम, देवाशपथ, मी काही केलेलं नाही."

"मग तुमच्या गावात सगळे एकाच माणसाची लघवी करतात का?"

सृष्टीने बाहेर येऊन घरी फोन लावला.

"एकसारखं आलं ना?" महिपती खुशीत म्हणाले. "मला ठावंच हुतं. अगं, निम्मी मानसं पाटंच शेतावर गेलती, बाटल्या मोकळ्याच आल्या. ज्यांनी दिलं त्येंचं बी कुनाचं पिवळं, कुनाचं गढूळ. असला माल लेकीच्या कालेजात धाडायचा? लाज न्हाई का जानार? समदं वतून दिलं. डेअरीला नमुना देताना आपन चांगल्या म्हशीचंच दूध देतो का न्हाई? गावात तब्बेतीनं चांगला कोन? बजरंग पैलवान. त्येला ताक पाजलं, पानी पाजलं, बशीवला. चार खेपंत भरल्या बग समद्या!"

तिने फोन ठेवला. आठ महिन्यांची कमिटी, दोन वर्षांचं शिक्षण, सगळं बजरंग पैलवानाने चार खेपांत भरून काढलं होतं. रडू फुटणार, एवढ्यात तिच्या डोक्यात दुसराच विचार आला. आकडे खोटे नव्हते. गावातला सगळ्यात धडधाकट माणूस आजारी होता, आणि ते फक्त तिला माहीत होतं.

"त्याला सांगू नकोस," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "त्याची संमती नाही. आधी कमिटीकडे अर्ज कर. तुझं वर्ष तर गेलंच आहे, आता वेळच वेळ आहे."

अर्ज गेला खड्ड्यात, म्हणत सृष्टी संध्याकाळच्या एसटीने गावी आली आणि तडक बजरंगच्या ओट्यावर गेली.

"बजरंगभाऊ, तुमच्या मूत्रपिंडावर सूज असणार. आत्ता औषध घेतलं तर बरं होईल. उशीर केलात तर डायलिसिसवर जाल."

"कागुद दाव." त्याने यादीवरून बोट फिरवलं. "दत्तोबा. श्रीपती. भागुबाई. यात माझं नाव कुटं हाय?"

"नाव त्यांचं, पण लघवी तुमचीच होती ना!"

"असंल की. वावर मी कसलं आन् सातबाऱ्यावर नाव दत्तोबाचं असलं, तर वावर कुनाचं? दत्तोबाचंच ना? मग ह्ये दुखनं बी त्येचंच." आणि तो कळवळला. "बिचारा म्हातारा. कुनी सांगितलं का न्हाई त्येला?"

त्यानेच सांगितलं. रात्रीच्या जेवणाआधी चाळीस घरं फिरून त्याने सगळ्यांना धीर दिला. गावात रडारड झाली. दत्तोबाने बाटलीत आपण काही घातलंच नव्हतं हे चांगलं ठाऊक असूनही अंथरूण धरलं, कारण छापील कागदावर नाव होतं. सृष्टी ओरडून खरं सांगत होती, पण तिचं ऐकतो कोण? "पोरगी मन राखाया बोलती," म्हणत बायकांनी तिलाच जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी बजरंगने आपली जीप काढली आणि चाळीस जणांना पाच खेपांत सरकारी दवाखान्यात नेलं. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवलं, रांगेत उभं केलं, पाणी आणून दिलं. दुपारपर्यंत एकेक जण हसत बाहेर येऊ लागला. एकालाही काही झालेलं नव्हतं. ते खुशीत बजरंगची पाठ थोपटत होते, आणि तो फाटकाबाहेर बॉनेटला टेकून सुजलेले पाय चोळत उभा होता.

सृष्टी त्याच्यासमोर आली. तिच्या हातात एक नवी बाटली होती, त्याचं नाव लिहिलेली.

"भाऊ, पाया पडते तुमच्या. आलाच आहात, तर एवढी एक बाटली द्या."

बजरंगने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चाळीस दिल्या की तुला," तो वैतागून म्हणाला. "आता मानसानं आनखी किती द्यावं?" आणि शेवटची खेप भरून त्याने जीप गावाकडे वळवली.