मधुसूदनचं प्रस्थान

नागपुरात तेव्हा इंजिनिअरिंगचं कॉलेज नव्हतं, म्हणून मधुसूदन काशीला निघाला होता. इंदुताईंनी महिनाभर त्याला घरीच तयार केलं. धोतर धुणं झालं, बटण लावणं झालं, शेगडी पेटवताना एक भुवईही जळून झाली. राहिलं होतं पिठलं. ते त्यानं करायचं आणि मायलेकांनी स्वयंपाकघरात शेजारी बसून जेवायचं, हा शेवटचा धडा. इंदुताई त्याची वाटही पाहत होत्या आणि तो लांबवतही होत्या.

गाडी शनिवारची. सासूबाई जिजाबाई म्हणाल्या, शनिवारी पूर्वेला जाऊ नये. बुधवारच्या मुहूर्तावर पोराचं गाठोडं समोरच्या प्रयागबाईंकडे प्रस्थान म्हणून ठेवावं, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. बी.ए. झालेल्या इंदुताई हसल्या. "गाठोडं कशाला, पोरालाच ठेवा न."

ही थट्टा होती. जिजाबाईंना ती फार पटली. बुधवारी मधुसूदन गाठोड्यासकट गल्ली ओलांडून गेला. आणि एकदा निघालेल्यानं आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नसतं.

मग इंदुताईंनी गल्लीच्या अलीकडून ओरडून ओरडून पिठलं शिकवायला घेतलं. त्या दिवशी ऐकणाऱ्या चार घरी पिठलं झालं. मधुसूदन मात्र कोराच राहिला, कारण प्रयागबाई पाहुण्याला चुलीजवळ फिरकू देत नव्हत्या. पाटवड्या वाढत होत्या. कचेरीत निघालेले मधुसूदनचे वडील वामनराव इंदुताईंना म्हणाले, काशी इतकी जवळ असेल असं वाटलं नव्हतं. इंदुताईंना हसू आलं नाही. पोरगा सारखा समोर दिसत होता, तेच वाईट होतं.

शुक्रवारी प्रयागबाई लेकीकडे कामठीला गेल्या, जिजाबाई देवळात. मधुसूदन आपल्या दारात आला.

"आई, कोणीच नाही. पिठलं करतो, दोघं जेवू."

त्यानं पाय उचलला. तीन दिवस इंदुताई याचीच वाट पाहत होत्या, आणि त्यांचाच हात आडवा गेला.

"थांब."

"काहून? तू तर हे मानत नाहीस न?"

"नाही मानत. पण काशी दूर आहे."

शेवटी शेगडी, कढई, बेसन, ताटं घेऊन त्याच बाहेर पडल्या. प्रयागबाईंच्या ओसरीवर मधुसूदनच्या हातचं पिठलं झालं, गुठळ्यांचं. इंदुताई एकेक गुठळी फोडत सावकाश जेवत होत्या, तोच जिजाबाई आल्या.

"इथं काहून बसले वं? मी दोन घंटे देवळात कायले बसून राहिली?"

इंदुताईंनी सरकून जागा दिली. जिजाबाई गुडघे धरत खाली बसल्या आणि नातवाला म्हणाल्या, "वाढ मग मले."

गल्लीपलीकडे त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं. तिघंही त्याच्याकडे पाठ करून जेवली.