तुकाअण्णांचा विरोधक

तुकाअण्णांना कुणी ‘बरोबर आहे अण्णा’ म्हटलं की ते भडकतात. "व्हय व्हय करायला तू मेंढरू हायस व्हय रं? काय चुकलं त्ये सांग!" मेंढपाळाच्या घरात जन्मलेला माणूस, मेंढरांबद्दल अधिकारानं बोलतो. चहा सांगतानाही त्यांना हरकत लागते. आष्ट्याच्या स्टँडवरचा हॉटेलवाला आता आपणहून म्हणतो, "नका पिऊ अण्णा, पित्त वाढंल." मग अण्णा खुशीत दोन कप सांगतात.

हे आमच्या स्वतंत्र बांध पक्षाचे अध्यक्ष. मी प्रचारप्रमुख, म्हणजे पत्रकं लिहिणारा मीच, वाटणारा मीच आणि त्यावरून शिव्या खाणाराही मीच. पक्षाचं म्हणणं सरळ आहे. स्वातंत्र्य आलं ते मुंबईपर्यंत. बांधावर अजून यायचंय. गावाचं पाणी, बियाणं आणि मालाचा भाव गावानंच ठरवावा, वरच्या कुणाची परवानगी नको. लोक विचारतात, "तुमचं पासपोर्ट कवा निघनार?" हसा लेको. हसणाऱ्यांच्या गळ्यातली उपरणी दर निवडणुकीला रंग बदलतात. आमचं धुऊन धुऊन विटलंय, पण तेच आहे.

अण्णांनी पक्षाला एक नियम घालून दिलाय: विरोधात भाषण झाल्याशिवाय कुठलाही ठराव मताला टाकायचा नाही. हे काम कायम दस्तगीरभाईंकडे. आष्ट्यात त्यांचं बियाण्याचं दुकान. एरवी अण्णांचे जिवलग, अधिवेशनात कट्टर विरोधक. अधिवेशन अण्णांच्या गोठ्यात भरायचं. अण्णा गव्हाणीशी उभे, भाई समोर पोत्यावर. "अध्यक्षसाहेब," भाई सुरू करायचे, "डोस्कं उन्हात वाळत घातलं हुतं का?" दोघं असे भांडायचे की म्हैस पान्हा चोरायची. बहुतेक ठराव पडायचे. मग दोघं एका ताटात जेवायचे आणि जेवतानाही भांडायचे.

गेल्या थंडीत दस्तगीरभाई गेले.

त्यानंतर एका मोठ्या पक्षाचा माणूस पांढऱ्या गाडीतून आला. तुमचा पक्ष आमच्या पक्षात विलीन करा, जिल्हा परिषदेचं तिकीट घ्या, म्हणाला. मी त्याला दारातूनच हाकलणार होतो. अण्णांनी त्याला गाडीत थांबायला सांगितलं आणि मला म्हणाले, "अधिवेशन भरीव."

भरवायचं काय? सभासद आम्ही दोघंच उरलेलो. अण्णा गव्हाणीशी उभे राहिले आणि ठराव मांडला: पक्ष विलीन करावा.

"अण्णा, लाज कशी वाटत न्हाई तुमाला?"

"ही शिवी झाली गड्या. भाषान कर."

पत्रकात मी सरकारं पाडतो. तिथं तोंडात पुन्हा शिवीच आली.

मग अण्णा गव्हाणीपासून निघाले, समोर जाऊन पोत्यावर बसले, खाकरले आणि रिकाम्या गव्हाणीला म्हणाले, "अध्यक्षसाहेब, तुमी दमलाय म्हनून पक्ष इकाय काढलाय व्हय? दुसऱ्याच्या पंगतीला बसल्यावर आळणी हाय म्हनायची सोय ऱ्हात न्हाई. आवं... सवतंत्र म्हंजी काय? समोरचा चुकला तर त्येच्या तोंडावर सांगता येनं. त्येवढंच हाय आपल्यापाशी. त्ये बी देताय?"

आवाज अण्णांचा होता. खाकरणं आणि ‘आवं’वरचं थांबणं दस्तगीरभाईंचं.

मी विरोधात हात वर केला. अण्णांनी बाजूनं हात उचललाच नाही. ठराव पडला.

"पाडला बघ भाईनं," अण्णा म्हणाले. हरलेल्या माणसाचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. "जा, त्या गाडीवाल्याला सांगून ये. मी बसतो हितं जरा."

मी ताठ मानेनं गेलो. स्वतंत्र बांध पक्ष विकाऊ नाही, असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. गाडी वळून निघून गेली.

परत आलो तर अण्णा पोत्यावरच होते. एका कडेला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.