अडीच मीटरचं जहाज

मिस्त्रींच्या हातचा माल छत्तीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता. हे आम्ही सांगत नाही, मिस्त्रीच सांगत. चहाच्या सुट्टीत सांगत, पगाराच्या रांगेत सांगत, आणि कोणी विचारलं नाही तर विचारलं का नाही म्हणून चिडून सांगत.

ते फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. जी वस्तू धातूत ओतायची ती आधी लाकडात करून द्यायची, हे त्यांचं काम. त्या लाकडावरून वाळूत साचा पडतो आणि साच्यात वितळलेला रस ओततात. थंड होताना धातू आक्रसतो, म्हणून लाकूड तेवढं वाढवून धरायचं. काम नजरेचं, काम हाताचं, आणि मिस्त्रींच्या मते मुख्य म्हणजे काम रागाचं. "ज्याला राग येत नाही त्याचं माप ढिलं असतं," असं ते म्हणत. या न्यायानं त्यांच्याइतकं कडक माप पंचक्रोशीत कोणाचं नव्हतं.

त्यांना एकच शौक होता, छोटी जहाजं करण्याचा. पॅटर्नच्या लाकडाचे उरलेसुरले तुकडे घरी आणायचे आणि वीतभर जहाज करायचं. शिडांना जुन्या सदऱ्यांच्या कॉलरी, दोरांना मेण लावलेला शिवणाचा दोरा. असं एक जहाज पुरं झालं की मिस्त्री त्याच्याकडे बघून संतापत. कारण मनात होतं ते हे नव्हतंच. मनातलं एका वहीत होतं. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : पैशाची अडचण नसती तर.

आत सात जहाजं होती. सातवं सगळ्यांत मोठं, चार डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज. लांबी अडीच मीटर, बेचाळीस शिडं, पितळेचे नांगर, खिडक्यांत खरोखर पेटणारे दिवे. कप्तानाच्या खोलीत टेबल, आणि टेबलावर मोहरीएवढा चांदीचा कप. वीस वर्षं मिस्त्री रोज ते पान उघडत, बघत आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालून वही मिटत.

निवृत्तीच्या दिवशी मालकीणबाई भाषणाला उभ्या राहिल्या. कागदावरून वाचताना त्यांनी छत्तीसऐवजी सव्वीस वर्षं म्हटलं. मिस्त्रींचे कान लाल झाले.

"मिस्त्री, तुम्हाला काय हवं ते मागा," बाई म्हणाल्या. "पैशाचा विचार करू नका."

असं त्या प्रत्येकाला म्हणायच्या आणि प्रत्येक जण भिंतीवरचं घड्याळ मागायचा. मिस्त्री त्या खाल्लेल्या दहा वर्षांच्या रागात होते. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि सातवं पान उघडून टेबलावर आपटली.

बाईंनी चष्मा लावून सगळं पान वाचलं. "कप कशाला?"

"कप्तानानं चहा प्यायचा नाही का?"

मागून कोणीतरी मिस्त्रींचा सदरा ओढला. बाई मात्र हसल्या आणि वहीवर सही करून मोकळ्या झाल्या. अट एकच होती. तीन महिन्यांनी फाउंड्रीला पन्नास वर्षं पुरी होत होती. त्या दिवशी कारखान्यामागच्या तळ्यात, सगळ्या कामगारांसमोर, जहाज चाललं पाहिजे.

मिस्त्री घरी आले ते भांडल्यासारखे. वीस वर्षं ज्या अडचणीला शिव्या दिल्या तीच कोणी काढून घेतली तर माणसानं करायचं काय? आता जहाज झालं नाही तर दोष द्यायला पैशाची अडचण उरली नव्हती.

"तीन महिन्यांत एकट्याच्यानं होणार नाही हो," बायको म्हणाली. "धाकट्याला बोलावून घ्या."

"त्या पेन्सिलबहाद्दराला? माझ्या जहाजाला?"

चौथ्या दिवशी धाकटा बॅग घेऊन दारात होता.

धाकटा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वय वर्षं अठ्ठावन्न. मोजणी कचेरीत नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला होता. बोलणं कमी, नखं स्वच्छ, सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकची पट्टी. त्याचा राग वरून दिसत नसे, पण एकदा आला की लोणच्यासारखा टिकत असे.

मिस्त्रींनी बेत समजावला. मोठा पॅटर्न दोन फाकांत करतात आणि मग मधोमध खुंट्या बसवून जोडतात, तसंच जहाजही करायचं. डावी फाक मिस्त्री बैठकीच्या खोलीत करतील, उजवी धाकटा मागच्या खोलीत. कागदावर मापं लिहिलेली आहेत, त्यात केसाचाही फरक चालणार नाही.

"बरं, भावोजी," म्हणत धाकट्यानं खिशातली पट्टी काढली आणि पहिल्या फळीवर ठेवली.

मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. परदेशी लाकूड, जर्मन करवत, आणि त्यावर पोराटोरांची प्लॅस्टिकची पट्टी! त्यांनी ती उचलली आणि गुडघ्यावर कटकन मोडली.

"या घरात असली खेळणी चालत नाहीत." त्यांनी आपल्या जुन्या चामडी पाकिटातून पोलादी पट्टी काढून धाकट्याच्या हातात कोंबली. "ही घे. छत्तीस वर्षं हिच्यावर काम केलंय. ही खोटं बोलत नाही."

स्वतःसाठी त्यांनी नव्या सामानाच्या खोक्यातून कोरी पट्टी काढली.

मोडलेल्या पट्टीचे दोन्ही तुकडे धाकट्यानं उचलून खिशात ठेवले. ती त्याला कचेरीनं निरोपाला दिली होती, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं आणि धाकट्यानं सांगितलंही नाही. तो मागच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि त्या दिवसापासून मिस्त्रींशी एक अक्षर बोलला नाही.

काम मात्र दोघांचंही देखणं होत होतं. तेच मिस्त्रींना खुपत होतं. महिन्याभरानं धाकटा दुपारी आडवा झालेला पाहून ते मांजराच्या पावलांनी मागच्या खोलीत शिरले आणि नव्या पट्टीनं त्याची एक खिडकी मोजली. ती किंचित मोठी होती. दरवाजा मोजला, तो आणखी मोठा. अख्खी फाक मोजली आणि त्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी राहिला. पाच सेंटिमीटर जास्त!

"तुझ्या भावाला सांग," ते स्वयंपाकघरात जाऊन गरजले, "अडीच मीटर म्हणजे अडीच मीटर!"

बायकोनं निरोप पोचवला. धाकट्यानं उठून आपल्या पट्टीनं मोजलं. बरोब्बर अडीच मीटर. मग बैठकीच्या खोलीत जाऊन त्यानं मिस्त्रींची फाक मोजली.

"ताई, भावोजींना सांग, त्यांचंच पाच सेंटिमीटर कमी आहे. डोळे तपासून घ्या म्हणावं."

मिस्त्री तडक चष्म्याच्या दुकानात गेले. डोळे उत्तम असल्याचं लेखी घेतलं आणि ते मागच्या खोलीच्या दारावर खिळ्यानं ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाचा, त्याच शाईतला धाकट्याचा कागद शेजारी लागला.

शेवटी बायको शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन उठली. तिनं दोन्ही फाका शांतपणे मोजल्या. "मागची मोठी आहे, पुढची बरोबर. पण अहो, सगळंच एकसारखं मोठं कसं? खिडकीसुद्धा, दारसुद्धा. माणूस चुकला तर एका ठिकाणी चुकेल की."

"तुझी टेप सैल पडलीय," मिस्त्री म्हणाले. निकाल आपल्याच बाजूचा आहे हे रागात त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"टेप आक्रसलीय, ताई," आतून धाकटा म्हणाला.

तीन महिन्यांत दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते असं. तिनं टेप डब्यात टाकली आणि दोघांशीही बोलणं बंद केलं. आता निरोप दारावर चिठ्ठ्या लावून जाऊ लागले. जेवण वाढल्याचीसुद्धा चिठ्ठी यायची.

बायकोच्या एका वाक्यात सगळं होतं. पॅटर्न शॉपमधल्या नवशिक्यानंसुद्धा ते ऐकून कपाळावर हात मारला असता. पण रागात माणसाला टक्के दिसत नाहीत, मेव्हणा दिसतो. "जोडताना उघडा पडेल," असं म्हणत मिस्त्री दात ओठ खात शिडं कातरत राहिले.

समारंभाच्या आदल्या सकाळी फाका समोरासमोर आल्या. पुढचं टोक जुळवलं तर मागचं पाच सेंटिमीटर बाहेर. खुंटीसमोर भोक नाही, डोलकाठीसमोर डोलकाठी नाही. दोघं दोन बाजूंना उभे राहिले आणि एकाच वेळी म्हणाले, "बघितलंस?" आणि "बघितलंत?" जवळजवळ तीन महिन्यांनंतरचा हा त्यांचा पहिला संवाद.

नवं करायला वेळ नव्हता. मिस्त्रींनी घरातले सगळे शिकंजे आणले, सरस ओतला आणि रागाच्या जोरावर दोन्ही फाका आवळल्या. लाकूड कुरकुरलं, पण चांगलं लाकूड असल्यामुळे मोडलं नाही, वाकलं. संध्याकाळी शिकंजे सुटले तेव्हा जहाजाला काकडीसारखा बाक आला होता.

"बेचाळीस शिडं लावली की कोणाला दिसतंय," मिस्त्री म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी तीनशे कामगार बायकामुलांसह जमले होते. जहाज पाण्यात उतरलं आणि मागच्यांनी पोरांना खांद्यावर घेतलं. इतकं सुंदर काही त्या काळ्या पाण्यानं कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी जहाजाच्या पोटातली मोटर सुरू केली. जहाज दिमाखात निघालं, टाळ्या पडल्या, मालकीणबाईंनी हात जोडले. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ते शेजारच्यावर खेकसले.

मग जहाज डावीकडे वळलं.

वळलं ते वळतच गेलं. अख्ख्या तळ्याला एक फेरी घालून ते मिस्त्रींच्या पुढ्यात आलं, पकडायला जावं तर हातभर लांबून गेलं आणि पुन्हा निघालं. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. मोटर थांबवायची कळ जहाजाच्या पोटात होती. बॅटरी मात्र सगळ्यांत भारीतली घेतली होती, कारण पैशाची अडचण नव्हती. ती पाऊण तास चालली.

चौथ्या फेरीला मिस्त्रींचा तोल गेला. "हा बघा!" ते धाकट्याकडे बोट करून ओरडले. "छत्तीस वर्षांची इभ्रत बुडवली या माणसानं! अडीच मीटर सांगितलं तर मनाचं वाढवून ठेवलं! नकाशेसुद्धा असेच काढले असतील, म्हणून तर गावोगाव बांधावरून डोकी फुटतात!"

धाकटा पांढरा पडला. त्यानं खिशातून ती पोलादी पट्टी काढली आणि गर्दीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला दिली. तो तात्या मोल्डर, चाळीस वर्षं वाळूत साचे पाडलेला.

"तुम्ही सांगा," धाकटा म्हणाला. "भावोजींचीच पट्टी आहे. हिच्याबाहेर मी केसभर गेलो असेन तर आत्ता या तळ्यात उडी घेतो."

तात्यांनी पट्टी हातात घेतली. टोकाला काही बारीक कोरलेलं होतं, अंगठ्यानं घासून घासून पुसट झालेलं. धाकट्याला ते कंपनीचं नाव वाटलं होतं. तात्यांनी त्यावर थुंकी लावली, सदऱ्याला पुसलं, वाचलं आणि पट्टी शेजारच्याला दिली. त्यानं पुढच्याला दिली. पट्टी हातोहात काठाकाठानं सरकू लागली आणि तिच्या मागोमाग हसू सरकू लागलं.

ते हसू आपल्याकडे येताना मिस्त्रींनी पाहिलं. पट्टी हातात पडायच्या आधीच त्यांना आठवलं.

ती श्रिंकेजची पट्टी होती, टोकाला तेच कोरलेलं होतं. पोलाद थंड होताना शंभराला दोन आक्रसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या त्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर मुळातच तेवढा मोठा आखलेला असतो. तिच्यावरचे अडीच मीटर म्हणजे बाहेरच्या जगातले अडीच मीटर आणि पाच सेंटिमीटर. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या गर्दीत हे कोणाला कळलं नसतं. इथे तीनशे माणसांना न सांगता कळलं, त्यांच्या पोरांना सुद्धा.

"मिस्त्री," तात्या म्हणाले, "धाकट्यांची बाजू एकदम बरोबर आहे हो. आता फक्त पोलादात ओतून घ्या. थंड झाली की तुमच्या बाजूला चपखल बसेल."

मिस्त्रींनी राग यायची वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा तो आला नाही, कारण यायला समोर कोणी नव्हतं. जहाज तेवढं येत होतं. छत्तीस वर्षांत एकदाही परत न आलेला त्यांचा माल त्या पाऊण तासात अकरा वेळा परत आला, आणि दर वेळी त्यांना काठावर उभं राहून त्याच्याकडे बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बाजारात जाऊन आले. धाकटा बॅग भरत होता. मिस्त्रींनी त्याच्यासमोर एक नवी प्लॅस्टिकची पट्टी ठेवली.

"तुझी मोडली होती," ते म्हणाले. "चूक माझी होती. ती मोडली ही, आणि माझी दिली हीसुद्धा."

धाकट्यानं पट्टी उचलून उजेडात धरली. खिशातून जुने दोन तुकडे काढले, जोडून तिच्या शेजारी ठेवले, आणि तरीही त्याचं समाधान होईना.

"ताई," त्यानं हाक मारली, "तुझी टेप आण गं जरा."

बायकोनं टेप आणली आणि पट्टीवर पसरली. रेघेला रेघ जुळली. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि टेपची गुंडाळी करत म्हणाली, "सैल पडलीय ना?"